मेदकची काच आणि मोबाइलची काच

१. साखरेच्या डब्याला टेकवलेलं चर्च

५ एप्रिल २०२०. झावळ्यांचा रविवार. लॉकडाऊनचा बारावा दिवस. सिकंदराबादच्या मारेडपल्लीत राहणाऱ्या माझ्या मावशीनं नेहमीसारखी पांढरी साडी नेसली, डोक्यावरून पदर घेतला आणि मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. पाळकांनी उभं राहायला सांगितलं तेव्हा ती उभी राहिली. कुकरची तिसरी शिट्टी झाली तेव्हाही उठली, गॅस बंद केला, परत बसली. दानार्पणाच्या गीताला तिचा हात सवयीनं पर्सकडे गेला. त्याच रात्री नऊ वाजता पंतप्रधानांच्या आवाहनानुसार सगळ्या कॉलनीनं दिवे मालवून पणत्या लावल्या, आणि त्या काळोखात मावशीनं मला फोन करून विचारलं, "अरे, आज मी चर्चला गेले असं म्हणायचं की नाही?"

हा प्रश्न तेव्हापासून मला अनेकांनी विचारला आहे. 'गेलीस' किंवा 'नाही गेलीस' एवढ्यावर तो संपत नाही, कारण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. देवाचं वचन माणसापर्यंत पोचवायला आपण एखादं साधन वापरतो, तेव्हा ते साधन वचनासोबत आणखी काय आणतं, आणि वाटेत काय सांडतं?

आडाचं उदाहरण घेऊ. गावात नळ आला की पाणी तेच राहतं, किंबहुना जास्त स्वच्छ मिळतं. पण आडावर बायका जमायच्या, कोणाची सून आजारी आहे, कोणाच्या घरी आज चूल पेटलेली नाही हे तिथं कळायचं, ते बंद होतं. नळानं पाण्याचं काही बिघडवलं नाही. त्यानं फक्त पाण्यासाठी घराबाहेर पडण्याची गरज संपवली. ही 'बाहेर पडण्याची गरज' लक्षात ठेवा. या प्रकरणात पत्र, छापखाना, रंगीत काच, रेडिओ, सिनेमा आणि मोबाइल यांच्याकडे आपण त्याच नजरेनं पाहणार आहोत.

२. शाई पुरली नाही

नव्या करारात २७ पुस्तकं आहेत आणि त्यांतली २१ पत्रं आहेत. म्हणजे ख्रिस्ती मंडळीचं पहिलं दूरसंचार माध्यम पत्र होतं. हे पत्र आजच्यासारखं नव्हतं. ज्यांना ते पाठवलेलं असे त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नसे. कोणीतरी ते पायी किंवा गलबतातून आणायचं, कोणाच्या तरी घरी मंडळी जमायची, एकजण मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. पौलानं कलस्सैच्या मंडळीला सांगितलं आहे की हे पत्र लावदिकीयाच्या मंडळीतही वाचून दाखवा आणि त्यांच्याकडचं तुम्ही वाचा. रोमकरांना लिहिलेलं पत्र घेऊन जाणारी फिबी ही बाई होती असं बहुतेक अभ्यासक मानतात.

योहानाच्या नावे असलेली शेवटची दोन पत्रं तर अगदीच छोटी आहेत. दोन्हींच्या अखेरीस लिहिणारा जवळपास एकच गोष्ट सांगतो: सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते कागद आणि शाईवर सोपवायचं नाही, भेटून तोंडानं बोलायचं आहे. माध्यम वापरत असतानाच त्याची मर्यादा कबूल करणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो. ख्रिस्ती श्रद्धेच्या मुळाशी असं मानलं जातं की देवानं शेवटी निरोप धाडला नाही, देवाच्या शब्दानं माणसाचा देह घेतला आणि तो आपल्यांत राहिला. असं मानणाऱ्याला कोणतंही पत्र थोडं अपुरंच वाटणार.

३. सहाशे साचे

आता मराठीकडे येऊ. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि इथंच राहिला. त्याच्या ख्रिस्तपुराणात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. मराठी भाषेवर इतकं प्रेम करणारा परदेशी माणूस विरळा. पण १६१६ साली रायतूरला हे पुराण छापलं गेलं ते रोमन लिपीत. का?

उत्तर श्रद्धेत नाही, धातूत आहे. गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता. छपाईसाठी प्रत्येक अक्षराचा वेगळा खिळा लागतो आणि तो ओतायला साचा लागतो. युरोपात अक्षरं चोवीसच, म्हणून साचेही मोजके पुरत. आपला हिशेब करून पाहा. क, का, कि, की अशी बाराखडी धरली तर एका व्यंजनाची बारा रूपं. चौतीस व्यंजनं गुणिले बारा म्हणजे ४०८. त्यात जोडाक्षरं घाला: क्ष, त्र, स्त, द्ध, ष्ट. आकडा सहज सहाशेवर जातो. स्टीफन्सनं १६०८ साली रोममधल्या आपल्या वरिष्ठांना पत्र लिहून या भूमीच्या लिपीत पुस्तकं छापण्याची परवानगी मागितली, तेव्हा त्यानं हीच अडचण मांडली आणि सहाशेचे दोनशे कसे करता येतील तेही सांगितलं. ते त्याच्या हयातीत झालं नाही.

मग ज्यांना रोमन लिपी येत नव्हती त्यांचं काय? त्यांनी ऐकलं. रविवारी आणि सणाच्या दिवशी देवळात जमून लोक हे पुराण ऐकत, जसं त्यांचे आजे-पणजे पोथी ऐकत. लिपीच्या अडचणीमुळे पुस्तक एकेकाच्या हातात गेलं नाही आणि म्हणूनच ते अनेकांच्या कानांत गेलं. (याच गोव्यात जुन्या पोथ्या नष्ट केल्या गेल्या आणि १६८४ साली लोकांनी आपली भाषा सोडावी असा सरकारी हुकूमही निघाला. छापखान्याचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही.)

देवनागरीचे साचे पुढं मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये थॉमस ग्रॅहॅमनं सुधारले. तिथंच जावजी दादाजी हे काम शिकले आणि त्यांनी काढलेल्या निर्णयसागर छापखान्यातून संस्कृत ग्रंथांच्या सर्वांत देखण्या आवृत्त्या निघाल्या. मिशनऱ्यांनी शुभवर्तमानासाठी घासलेले साचे, आणि त्या हातांतून पुढं काव्यं, पुराणं, शास्त्रं! तंत्र एकदा शिकवलं की ते कोणाचं ऐकत नाही.

४. उजेडावर चालणारा पडदा

हैदराबादहून उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरवर मेदक आहे. चार्ल्स वॉकर पॉस्नेट या वेस्लियन मिशनऱ्यानं तिथं बांधलेलं कॅथीड्रल २५ डिसेंबर १९२४ रोजी समर्पित झालं. बांधकाम दहा वर्षं चाललं. दुष्काळाच्या दिवसांत उपाशी माणसाला भीक न घालता काम द्यावं आणि कामाबदली पोटाला अन्न द्यावं, हा त्यामागचा एक हेतू होता. दोनशे फूट लांब आणि शंभर फूट रुंद अशा त्या दालनात तुम्ही सकाळी शिरलात तर नजर आधी वर जाते, खिडक्यांकडे.

तीन प्रचंड खिडक्या आहेत: येशूचं स्वर्गारोहण, जन्म आणि क्रूस. लंडनच्या फ्रँक सॅलिसबरी या चित्रकाराची ही कामगिरी. पहिली खिडकी १९२७ सालची, दुसरी १९४७ची, तिसरी १९५८ची. एका पिढीनं जन्म पाहिला नाही, स्वर्गारोहणच पाहिलं. कथा अशी उलटसुलट क्रमानं पुरी झाली याची मला गंमत वाटते.

रंगीत काच बनते कशी? काच वितळलेली असतानाच तिच्यात धातूंची संयुगं मिसळतात. कोबाल्टनं निळा रंग येतो, तांब्यानं हिरवा किंवा तांबडा, सोन्याच्या अत्यल्प अंशानं माणकासारखा लाल. मग आराखड्याप्रमाणे तुकडे कापून शिशाच्या पट्ट्यांत बसवतात आणि चेहऱ्यावरच्या बारीक रेषा रंगवून पुन्हा भट्टीत भाजतात. आता महत्त्वाची गोष्ट. हे चित्र कागदावरच्या चित्रासारखं उजेड परत फेकून दिसत नाही, उजेड आरपार येऊ देऊन दिसतं. सूर्य बाहेर हवा आणि पाहणारा आत हवा. सूर्यास्तानंतर आतून पाहिलं तर काळी काच आणि शिशाच्या रेषा. आत कितीही दिवे लावा, उपयोग नाही.

मोबाइलचा पडदाही काचच आहे आणि त्याचंही चित्र उजेडाचंच आहे, फक्त तो उजेड काचेच्या मागं खिशातल्या बॅटरीवर पेटतो. मेदकच्या काचेला ऊन लागतं, दिवस लागतो, आणि पाहणाऱ्यानं उठून मेदकला जावं लागतं. निरक्षर शेतमजुराला ही खिडकी म्हणजे मोठ्या अक्षरातलं शुभवर्तमान होतं, पण ते घरी नेता येत नव्हतं.

मेदकचं समर्पण झालं त्याच १९२४ साली पुणे जिल्ह्यातल्या केडगावात नेमकी उलटी गोष्ट पुरी झाली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणलं होतं. १९२२ साली त्या गेल्या आणि दोन वर्षांनी त्यांचं भाषांतर पुरं छापून बाहेर आलं. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी हे काम त्यांच्याच मुक्ती मिशनमधल्या मुलींनी आणि बायकांनी केलं होतं. त्यांतल्या कित्येकींना दुष्काळानं किंवा वैधव्यानं घराबाहेर काढलं होतं. हे पुस्तक घरी नेता येत होतं. तरी ते तयार व्हायला एका छताखाली शेकडो हात लागले होते, आणि रमाबाईंना ते हातही पुस्तकाइतकेच महत्त्वाचे होते असं मला वाटतं.

५. समुद्रात उभे खांब

रेडिओबद्दल थोडक्यात. १९७० ते २००३ या काळात 'फेबा' ही संस्था सेशेल्स बेटांवरून भारताच्या दिशेनं लघुलहरींवर ख्रिस्ती कार्यक्रम पाठवत असे. तिचे अँटेनाचे खांब समुद्रात, प्रवाळाच्या खडकावर उभे होते, कारण खारं पाणी विजेचं उत्तम वाहक आहे आणि त्यामुळे लहरी दूर फेकायला मदत होते.

साडेतीन हजार किलोमीटरवरचं हैदराबाद पृथ्वीच्या गोलाईआड असतं. मग आवाज पोचायचा कसा? कॅरम खेळताना सोंगटी सरळ रेषेत नसेल तर आपण स्ट्रायकर कडेवर आपटून मारतो. जमिनीपासून शेकडो किलोमीटर उंचीवर विद्युतभारित हवेचा एक थर आहे. लघुलहरी त्यावर आपटून खाली येतात. हा थर सूर्यावर अवलंबून असल्यानं सकाळी लागणारं केंद्र रात्री लागत नाही आणि आवाज लाटेसारखा जवळ येतो, लांब जातो. घरात रेडिओ एकच असायचा. त्यामुळे ज्याला ऐकायचं नाही त्यालाही ऐकावं लागे, आणि खरखर वाढली की सगळं घर श्वास रोखून एका यंत्राभोवती वाकत असे.

६. कृष्णाच्या वाटेनं आलेला येशू

सिनेमाची गोष्ट मुंबईत सुरू होते. १९१०च्या सुमारास दादासाहेब फाळक्यांनी गिरगावातल्या एका तंबूत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर येशू चालत होता आणि त्यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण उभे राहत होते. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. पुढं पौराणिक चित्रपटांची परंपरा वाढली आणि ती सर्वांत जोमानं तेलुगूत रुजली. एन. टी. रामाराव इतक्यांदा कृष्ण झाले की तेलुगू मनातला कृष्ण त्यांच्याच चेहऱ्यानं हसू लागला.

१९७८ साली हीच परंपरा फिरून येशूकडे आली. 'करुणामयुडु' हा तेलुगू चित्रपट ए. भीमसिंग यांनी दिग्दर्शित केला आणि विजयचंदर यांनी येशूची भूमिका केली. कथा शुभवर्तमानातली, पण डोळ्यांची भाषा, गाणी, थांबून दर्शन देण्याची रीत सगळी आपल्या पौराणिकपटांची. युरोपातून आलेला येशूचा चित्रपट इथं पाहुणा वाटायचा. हा येशू घरचा वाटला. हिंदीत तो 'दयासागर' झाला. याच विजयचंदर यांनी पुढं १९८६च्या तेलुगू चित्रपटात शिर्डीचे साईबाबा साकारले! ज्यांना धर्मांच्या भिंती पक्क्या वाटतात त्यांनी तेलुगू प्रेक्षकाला एकदा भेटावं.

पण मला इथं वितरणाबद्दल सांगायचं आहे. हा चित्रपट थिएटरांपुरता राहिला नाही. सुवार्तिकांच्या तुकड्या गाडीत प्रोजेक्टर, रिळं, जनरेटर आणि पांढरा पडदा घालून खेडोपाडी जात. दोन बांबूंवर पडदा ताणायचा, संध्याकाळची वाट पाहायची. रीळ बदलताना चित्र थांबायचं आणि त्या चार मिनिटांत कोणी बोलायला उभं राहायचं, कोणी शेजारच्याला काय झालं ते समजावून सांगायचं. पडद्याच्या मागच्या बाजूनंही चित्र दिसतं, उलटं. तिथंही माणसं बसत. मेदकच्या काचेला दिवस लागतो, या पडद्याला रात्र लागते, पण दोघांनाही गर्दी लागते.

धर्मप्रसाराच्या हेतूवरून या खेळांबद्दल वादही झाले, आणि ज्याच्या अंगणात पडदा लागतो त्याला आक्षेप घेण्याचा हक्क आहेच. तो वाद होऊ शकला, कारण खेळ चारचौघांत होता. सगळ्यांना दिसत होता.

७. एकट्याला पुरणारी काच

आता पुन्हा साखरेच्या डब्याकडे. १९९८ साली ज्या हैदराबादेत सायबर टॉवर्स या संगणक-उद्योगाच्या इमारतीचं उद्घाटन झालं त्याच शहरात आज रविवारी सकाळी किती उपासना एकाच वेळी मोबाइलवर चालू असतात! तेलुगू, इंग्रजी, हिंदी, तमिळ, हवी ती. वरच्या प्रत्येक माध्यमात काहीतरी कमी होतं: पत्राला वाचणारा हवा, पुराणाला सांगणारा, काचेला ऊन, रेडिओला घर, सिनेमाला गाव. मोबाइलमध्ये कमी काही नाही. तो वाचून दाखवतो, गातो, रात्री दिसतो, दिवसा दिसतो. त्याला दुसरा माणूस लागत नाही. या यादीतलं हे एकच माध्यम आहे जे एकट्याला सगळ्या बाबतींत पुरतं, आणि माझी काळजी नेमकी या पुरण्याची आहे. वाईट चित्रफितींची काळजी त्यानंतर.

शिवाय तो निवड करतो. कशी, ते पाहू. समजा मावशीनं एका सकाळी दोन गोष्टी उघडल्या. एक चाळीस मिनिटांचं प्रवचन, विषय शत्रूला क्षमा. दहा मिनिटांनी दाराची बेल वाजली आणि ते राहिलं. यंत्राच्या वहीत नोंद: चारात एक भाग पाहिला. दुसरी एका मिनिटाची चित्रफीत, विषय आज रात्री तुमचं कर्ज फिटेल. ती तिनं दोनदा पाहिली, दुसऱ्यांदा हसण्यासाठी. नोंद: पूर्ण पाहिली, पुन्हा पाहिली. यंत्राला हसणं दिसत नाही. ते फक्त मिनिटं मोजतं. दुसऱ्या दिवशी तिच्या मोबाइलवर कर्ज फिटवणारे सहा उपदेशक हजर, आणि क्षमा गायब. किराणा दुकानदार जो माल लवकर खपतो तो गल्ल्याजवळ मांडतो, तसंच हे. दुकानदार लबाड नाही, पण तो तुमचा पाळकही नाही.

चर्चमध्ये उलटं असतं. पुष्कळ मंडळ्यांत वर्षभराचे शास्त्रपाठ आधीच ठरलेले असतात. कॅथलिक रविवारच्या पाठांचं चक्र तीन वर्षांचं आहे. तुमचं भावाशी भांडण झालेलं असो वा नसो, त्या रविवारी क्षमेचा पाठ आला की आला. शेजारच्या बाकावर कोण बसावं हेही तुमच्या हातात नसतं. कित्येकदा तोच भाऊ बसलेला असतो.

योहानाच्या शुभवर्तमानात शोमरोनी बाई भर दुपारी विहिरीवर येते आणि तिथं तिला येशू भेटतो. विहिरीवर आली नसती तर भेटलाच नसता. तिच्या घरी नळ असता तर ही गोष्ट आपल्याला ठाऊकच झाली नसती, असा एक खट्याळ विचार माझ्या मनात नेहमी येतो.

८. क्लेअरची भिंत

तेराव्या शतकात असिसीची संत क्लेअर आजारामुळे नाताळच्या मिस्साला जाऊ शकली नाही. कथा सांगते की अंथरुणावर पडल्या पडल्याच तिला भिंतीवर मिस्साचा सोहळा दिसला आणि ऐकू आला. १९५०च्या दशकात पोप बारावे पायस यांनी तिला दूरचित्रवाणीची आश्रयसंत ठरवलं. म्हणजे जो उठू शकत नाही त्याच्यासाठी पडदा ही कृपा आहे, हे चर्चनं फार आधी मान्य केलं. त्याच चर्चनं २००२ साली इंटरनेटवरच्या आपल्या निवेदनात स्पष्ट केलं की तिथं संस्कार होऊ शकत नाहीत.

यातला 'संस्कार' म्हणजे काय? कल्पना सोपी आहे. काही कृपा शब्दांतून सांगितली जाते आणि काही हातावर ठेवली जाते: पाणी, भाकर, द्राक्षारस, तेल. पाण्याचं चित्र पाहून बाप्तिस्मा होत नाही. २०२०मध्ये प्रोटेस्टंट मंडळ्यांत मात्र एकमत नव्हतं. काही घरांत पडद्यासमोर पावाचा तुकडा आणि द्राक्षांचा रस ठेवून प्रभुभोजन घेतलं गेलं, काही मंडळ्यांनी दारं उघडेपर्यंत न घेता वाट पाहिली. दोन्हीकडे प्रामाणिक माणसं होती.

या पेचावर एक फार जुनी तोड आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन नावाच्या ख्रिस्ती लेखकानं रविवारच्या उपासनेचं वर्णन केलं आहे. त्यात येतं की जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी सेवक प्रसादाचा वाटा घरी घेऊन जात. आपल्या शहरात जेवण घेऊन धावणारे तरुण पाहिले की मला ते सेवक आठवतात. तिथंही घरपोच होतं, पण आणणारा दाराशी थांबून परत फिरत नसावा. आत येऊन बसत असावा, असं मला वाटतं.

मावशीला त्या रात्री मी "गेलीस" म्हणालो होतो. दुसरं काय म्हणणार? आता ती एक्क्याऐंशीची आहे, जिना उतरत नाही आणि डबा अजून तोच आहे. फरक एवढाच की वरच्या मजल्यावरची मल्याळी शेजारीण दर रविवारी नऊला स्वतःची खुर्ची घेऊन येते. मराठी तिला येत नाही, मावशीला मल्याळम येत नाही, म्हणून त्या दोघी इंग्रजी उपासना लावतात आणि गाण्याच्या वेळी आपापल्या भाषेत गातात.

गेल्या नाताळात मी त्या चर्चमध्ये होतो जिथून त्यांच्याकडे हे चित्र जातं. कॅमेरा सांभाळायला अकरावीतला एक मुलगा असतो. प्रभुभोजनाची वेळ झाली तसा त्यानं कॅमेरा वेदीवर रोखला, स्टँडचा स्क्रू घट्ट केला, चपला काढल्या आणि रांगेत जाऊन उभा राहिला. पुढची सात-आठ मिनिटं मारेडपल्लीतल्या मोबाइलवर चित्र हललं नसणार.